डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा सविस्तर उत्तरं

माझगाव गोदीतून नवी पाणबुडी बाहेर पडली की बातम्यांत 'सायलेंट किलर' हे दोन शब्द हमखास येतात आणि माहिती तिथेच आटोपते. ती शांत का असते, किती वेळ शांत राहू शकते, त्यासाठी काय सोसावं लागतं, हे कुणी सांगत नाही. खालची उत्तरं मुख्यतः भारतीय नौदलाच्या बोटींना धरून दिली आहेत. रशियन, जर्मन आणि फ्रेंच अशा तिन्ही घराण्यांच्या पाणबुड्या वापरलेली नौदलं जगात फारशी नाहीत, त्यामुळे उदाहरणांसाठी लांब जावं लागत नाही.

पाणबुडी डिझेलवर चालते म्हणजे पाण्याखाली इंजिन चालू असतं का?

नाही. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि त्याच्या धुराला बाहेर पडायला वाट लागते. खोल पाण्यात दोन्ही नाही. म्हणून इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर बॅटरी भरतो आणि पाण्याखाली गेल्यावर त्या बॅटरीवर विजेची मोटर पंखा फिरवते. जुन्या बोटींत पृष्ठभागावर असताना इंजिन थेट पंख्याला जोडता यायचं. आताच्या बोटींत पंखा फिरवण्याचं काम फक्त मोटरचं.

पाणबुडीची सगळी रचना, डावपेच आणि बरेचसे अपघातसुद्धा या एका व्यवस्थेतून निघतात: हवा वर आहे, काम खाली आहे आणि मध्ये एक बॅटरी आहे जी संपते.

ही बॅटरी असते तरी केवढी?

सध्याच्या कलवरी वर्गात, म्हणजे फ्रेंच स्कॉर्पीन बनावटीच्या बोटीत, ३६० सेल आहेत आणि एकेका सेलचं वजन सुमारे ७५० किलो. म्हणजे २७० टन नुसती बॅटरी. पृष्ठभागावर ही बोट साधारण १६०० टनांची, तेव्हा तिचा सहावा हिस्सा बॅटरीच झाली. ती माणसांच्या पायाखाली, तळाच्या कप्प्यांत असते. इतकं वजन तळाशी असल्याने बोट स्थिर राहायलाही मदत होते.

रसायन मात्र तेच, शिसं आणि आम्ल. घरच्या इन्व्हर्टरला असतं ते.

पाण्याखाली किती दिवस राहता येतं?

वेग विचारल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. पाण्यातून जाताना वेग दुप्पट केला तर लागणारी शक्ती साधारण आठपट होते. ४ नॉटऐवजी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) १६ नॉटने जायचं तर मोटर चौसष्टपट शक्ती मागते. त्यात शिसं-आम्लाच्या बॅटरीची आणखी एक खोड आहे: झपाट्याने उपसली की तिच्यातून एकूण वीजही कमीच निघते.

रशियन किलो बनावटीच्या, म्हणजे आपल्या सिंधुघोष वर्गातल्या बोटींचे आकडे पाहा. ३ नॉटच्या वेगाने त्या बॅटरीवर सुमारे ४०० सागरी मैल जातात. हे पाच दिवसांहून जास्त झालं. पूर्ण वेगाने मात्र १३ मैलांच्या आसपास गेल्यावर बॅटरी आटोपते, तासाभराच्या आतच.

कप्तानाच्या डोक्यात म्हणूनच सतत हा हिशेब चालू असतो. हल्ला करायला जवळ जायचं तर वीज खर्च होणार, हल्ल्यानंतर पळायला वीज शिल्लक हवी, आणि पळून झाल्यावर बॅटरी भरायला कुठे वर यायचं तेही आधीच ठरलेलं हवं. पंखा थांबला तरी दिवे, सोनार (ध्वनीने पाण्यातल्या वस्तू शोधणारं यंत्र), वातानुकूलन आणि स्वयंपाकघर वीज खातच असतं.

स्नॉर्केल म्हणजे काय? आणि खलाशांना ते नकोसं का वाटतं?

पेरिस्कोप पाण्याबाहेर काढता येईल इतकंच खाली राहून पाण्याबाहेर काढायची नळी. तिच्यातून हवा आत येते, इंजिन चालतं, बॅटरी भरते. कल्पना डच नौदलाची. १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर ती जर्मनांच्या हाती लागली आणि महायुद्धाच्या उत्तरार्धात त्यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली.

नळीच्या टोकाला झडप असते. लाट टोकावरून गेली की झडप मिटते, नाहीतर समुद्र थेट आत. पण इंजिन तर चालूच असतं, त्याला हवा हवीच. मग ते बोटीतलीच हवा ओढायला लागतं. आतला दाब झपकन उतरतो, कानांचे पडदे ताणले जातात. लाट गेली, झडप उघडली की दाब पुन्हा चढतो. खवळलेल्या समुद्रात हा खेळ तासन् तास चालतो, आणि त्यात कुणी झोपलेला असतो, कुणी जेवत असतो. झडप फार वेळ मिटून राहिली तर आतली हवा धोकादायक पातळीपर्यंत विरळ होण्याआधी इंजिनं आपोआप बंद पडतील अशी सोय असते.

शिवाय याच वेळी बोट सर्वांत उघडी असते. इंजिनाचा आवाज, धुराची उष्णता, पाण्यावर दिसणारं नळीचं टोक: रडार लावलेल्या गस्ती विमानाला एवढं पुरतं. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ स्नॉर्केलवर काढावा लागतो, यावरून बोटीचा कस ठरवतात. बोट विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधावा. कमाल वेग वगैरे नंतर वाचला तरी चालतो.

ती अणुपाणबुडीपेक्षा शांत असते हे खरं का?

बॅटरीवर हळू चालताना, बहुतेक वेळा हो. अणुपाणबुडीत अणुभट्टी थंड ठेवायला पंप लागतात, वाफेची टर्बाइनं फिरतात, त्यांचा वेग पंख्यापर्यंत उतरवायला बहुतेक बोटींत गिअर लागतात. बॅटरीवरच्या बोटीत एक मोटर संथ फिरते, बस्स. नव्या अणुपाणबुड्यांनी हा फरक बराच कमी केला आहे, हेही खरं.

शांततेसाठी केलेली कामं पाहण्यासारखी असतात. आवाज करणारी यंत्रं थेट सांगाड्यावर न बसवता लवचीक आधारावरच्या चौथऱ्यांवर बसवतात, म्हणजे थरथर कवचापर्यंत जात नाही. पंख्याची पाती कोयत्यासारखी वळवलेली असतात, जेणेकरून पाण्यात बुडबुडे धरून फुटू नयेत. त्या फुटण्याचा आवाज दूरवर जातो. किलो बोटींवर बाहेरून रबराच्या लाद्या बसवलेल्या असतात. शत्रूच्या सोनारचा ध्वनी त्या शोषून घेतात.

बाकीचं काम समुद्र करतो. वरचं पाणी कोमट, खालचं थंड. ध्वनी थंड थराकडे खाली वळतो आणि वर जहाजावर बसलेल्या सोनारला काही भागातलं ऐकूच येत नाही. बंगालच्या उपसागरात तर पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं आणि थरांचा गुंता आणखी वाढतो.

किती खोल जाते?

खरा आकडा कुठलंही नौदल सांगत नाही. ३०० मीटर धरून चालू. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तिथे कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टन भार. म्हणून आतलं मुख्य कवच गोल छेदाचं असतं आणि खास पोलादाचं; गोलाई किंचित जरी बिघडली तरी ताकद घटते. रशियन बोटींत या कवचाबाहेर आणखी एक कवच असतं. त्यामुळे वजन वाढतं, पण मार खायची क्षमताही वाढते. जर्मन पद्धत एका कवचाची, आटोपशीर.

जुन्या चित्रांतल्या पाणबुड्या जहाजासारख्या दिसतात, आताच्या माशासारख्या. असं का?

कारण जुन्या पाणबुड्या खरोखर जहाजंच होती, गरजेपुरती बुडी मारणारी. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची टाइप ७ ही बोट पृष्ठभागावर १७ नॉट जायची आणि पाण्याखाली जेमतेम साडेसात. बहुतेक प्रवास वरूनच, म्हणून पुढचं टोक जहाजासारखं, डेकवर तोफ.

विमानांवर रडार आल्यावर वर राहणं जिवावर बेतायला लागलं. त्यातून १९४४-४५ मध्ये टाइप २१ आली. तोफ काढली, अंग गुळगुळीत केलं, बॅटरी ३७२ सेलची. पाण्याखाली ही बोट १७ नॉट गाठायची, पृष्ठभागापेक्षा जास्त. शंभराहून अधिक तयार झाल्या, पण युद्धगस्तीवर जेमतेम दोन निघाल्या, तोवर जर्मनी शरण आली होती. युद्धात तिचा उपयोग शून्य आणि वारसा अफाट. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स या सगळ्यांनी पकडलेल्या टाइप २१ उकलून पाहिल्या आणि आपापल्या पुढच्या बोटी त्यावरून घडवल्या. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेने 'अल्बाकोर' या प्रायोगिक बोटीवर थेंबाच्या आकाराचा सांगाडा आणि मागे एकच पंखा वापरून पाहिला. आजची प्रत्येक पाणबुडी या दोघींची नात म्हणावी अशी आहे.

क्युबाच्या पेचप्रसंगात यांचा काय संबंध होता?

फार जवळचा. ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच उभा राहिला तेव्हा, सोव्हिएत संघाने फॉक्सट्रॉट वर्गाच्या चार डिझेल पाणबुड्या क्युबाकडे धाडल्या, प्रत्येकीवर एकेक अण्वस्त्र असलेला पाणतीर. बोटी उत्तरेच्या गार पाण्यासाठी बनवलेल्या. कॅरिबियनच्या कोमट समुद्रात आतलं तापमान ४५ अंशांच्या पलीकडे गेलं, माणसं कोसळायला लागली. अमेरिकी विनाशिका वर घिरट्या घालत असल्याने स्नॉर्केल करता येईना. बॅटरी उतरत गेली आणि चारांपैकी तीन बोटींना अखेर शत्रूच्या डोळ्यांदेखत वर यावं लागलं.

त्यातल्या बी-५९ वर कप्तान अण्वस्त्र डागायच्या बेतात होता आणि वासिली अर्खिपोव या अधिकाऱ्याने त्याला आवरलं, असं सांगितलं जातं. प्रसंगाच्या तपशिलाबद्दल मतभेद आहेत. पण उतरलेली बॅटरी, उकाडा आणि डोक्यावर स्फोटांचे इशारे, या परिस्थितीबद्दल वाद नाही.

भारताने पहिली पाणबुडी कधी घेतली?

८ डिसेंबर १९६७ रोजी सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात आयएनएस कलवरी नौदलात दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. ती फॉक्सट्रॉटच होती, क्युबाला गेलेल्या बोटींची बहीण. तिच्यासारख्या एकूण आठ घेतल्या. उष्ण समुद्राचा त्रास आपल्या लोकांनाही व्हायचा तो झालाच. शेवटची, वागली, डिसेंबर २०१० मध्ये निवृत्त झाली.

१९७१ च्या युद्धात पाणबुड्यांनी काय केलं?

दोन्ही बाजूंचा मोठा घाव पाण्याखालचाच होता.

'गाझी' ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी बोट पाकिस्तानने घेतलेली. बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन येण्याइतका पल्ला त्यांच्याकडे फक्त तिचा होता, म्हणून विक्रांत या भारतीय विमानवाहू नौकेच्या मागावर तीच आली आणि विशाखापट्टणमसमोर ३-४ डिसेंबरच्या रात्री बुडाली. भारत म्हणतो राजपूत या विनाशिकेने बुडवली, पाकिस्तान म्हणतं स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने. बॅटरी भरताना साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट, असाही एक तर्क आहे.

पश्चिमेला उलटं घडलं. मुंबईहून पाणबुडीच्याच शोधात निघालेली आयएनएस खुखरी ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या फ्रेंच बनावटीच्या बोटीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिलीच घटना. हंगोरचा पहिला पाणतीर कृपाण या जोडीदार जहाजावर सोडलेला होता, तो फुटला नाही. त्यानंतर नौका आणि विमानं लावून भारताने तिचा दिवसेंदिवस शोध घेतला, तरी ती कराचीला पोहोचली.

आपली करंजही त्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती. तिचे कप्तान व्ही. एस. शेखावत यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले, आणि मार्च २०२१ मध्ये मुंबईत नवी करंज दाखल झाली तेव्हा प्रमुख पाहुणे तेच होते.

माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधायला कधी सुरुवात झाली?

डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार बोटींचा करार झाला: दोन जर्मनीतल्या कील शहरात बांधायच्या, दोन मुंबईत. शिशुमार आणि शंकुश १९८६ मध्ये जर्मनीत दाखल झाल्या. माझगावची शल्की फेब्रुवारी १९९२ मध्ये आणि शंकुल मे १९९४ मध्ये आली. शल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. या बोटींत एक देखणी सोय आहे: संकटात सगळ्या खलाशांनी आत शिरून बोटीपासून वेगळं व्हायचं आणि वर तरंगत यायचं, असा पोलादी गोळा.

पुढे आणखी दोन बांधायच्या होत्या. १९८७ मध्ये दलालीच्या आरोपांनी राजकारण पेटलं, जर्मन कंपनीशी व्यवहार थांबला आणि त्या दोन बोटी कागदावरच राहिल्या. माझ्या मते या प्रकरणाचं खरं नुकसान दलालीच्या रकमेहून कितीतरी मोठं आहे. जाड पोलादाचं गोल कवच दोषरहित जोडू शकणारे वेल्डर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. शंकुलनंतर माझगावातून पुढची पाणबुडी बाहेर पडायला २३ वर्षं लागली. तोवर ती माणसं निवृत्त झाली, आणि हातातली कला फायलीत जपून ठेवता येत नाही.

मग स्कॉर्पीनला इतका उशीर का झाला?

बराचसा याचमुळे, आणि सुट्या भागांच्या खरेदीमुळे. करार २००५ चा, पहिली बोट २०१२ ला यायची होती. नवी कलवरी १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली. मग खांदेरी, करंज, वेला, वागीर, आणि जानेवारी २०२५ मध्ये सहावी वाघशीर. नंतरच्या बोटी बऱ्याच वेगाने आल्या. एकेका बोटीत सुमारे ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर पाइप, तेही अशा जागेत जिथे दोन माणसं शेजारी उभी राहून काम करू शकत नाहीत.

खांदेरी हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. थळसमोरच्या ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किल्ला उभारला, तेच.

२०१६ मध्ये स्कॉर्पीनची हजारो पानी कागदपत्रं फुटल्याची बातमी एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्राने दिली होती. त्याचा प्रत्यक्ष फटका किती, यावर बाहेरच्या माणसाने छातीठोक बोलू नये.

या बोटी धोकादायक असतात का?

बंद नळकांड्यात डिझेल, स्फोटकं, आम्ल आणि माणसं एकत्र. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. सिंधुरक्षकवर फेब्रुवारी २०१० मध्ये बॅटरीच्या कप्प्यातच आग लागून एक खलाशी गेला. तीच बोट रशियात दुरुस्त होऊन परतली आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत स्फोटांनी बुडाली. तिच्यावरचे अठराही जण गेले. त्या वेळी स्फोट आतल्या शस्त्रांचे झाले. सहा महिन्यांनी सिंधुरत्नवर धुराने दोन अधिकारी दगावले आणि नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

अर्जेंटिनाच्या 'सान हुआन'ची कथा तर स्नॉर्केलपासूनच सुरू होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नळीतून आत आलेलं पाणी बॅटरीपर्यंत पोहोचलं, आग लागली, आणि ४४ जणांसह बोट गेली. वर्षभराने ती सुमारे ९०० मीटर खोल सापडली. भारताने २०१८ मध्ये खोल पाण्यातून खलाशांना सोडवणारी छोटी बचाव पाणबुडी मुंबईत आणली. ती ६५० मीटरपर्यंत काम करते. त्याखाली उपाय नाही.

एआयपी म्हणजे काय? अंबरनाथचं नाव त्यात का येतं?

बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा. सोबत द्रवरूप ऑक्सिजन न्यायचा आणि पाण्याखालीच वीज करायची. स्वीडन स्टर्लिंग इंजिन (बाहेरून उष्णता देऊन चालवायचं इंजिन) वापरतं, जर्मनी फ्युएल सेल (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून थेट वीज करणारा). हळू चालणाऱ्या बोटीला काही दिवसांऐवजी दोन आठवडे वर यावं लागत नाही. २००५ मध्ये अमेरिकेने स्वीडनची 'गॉटलँड' खलाशांसकट भाड्याने घेतली आणि सरावात तिने रोनाल्ड रेगन या विमानवाहू नौकेला अलगद गाठलं, तेव्हापासून हा विषय नौदलांच्या तोंडी आहे.

भारताची यंत्रणा अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली. फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल, आणि हायड्रोजन साठवून न नेता बोटीतच तयार करायचा. वरचं उत्तर वाचल्यावर याचं महत्त्व कळेल. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची चाचणी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी सुमारे १९९० कोटींचा करार झाला: कलवरी वर्गाच्या बोटी मधोमध कापून यंत्रणेचा तुकडा जोडायचा. शेजारी पाकिस्तानकडे अशी फ्रेंच यंत्रणा २००८ पासूनच आहे, तेव्हा उशीर झाला म्हणावाच लागेल. जपानने आणखी वेगळी वाट धरली. २०२० च्या 'ओर्यू'मध्ये त्यांनी स्टर्लिंग इंजिन काढून टाकलं आणि लिथियम-आयन बॅटरी भरली.

अणुपाणबुड्या असताना या हव्यात कशाला?

उथळ पाण्यासाठी, अरुंद वाटांसाठी आणि पैशांसाठी. खंबातच्या आखातासमोर किंवा एखाद्या बंदराच्या तोंडाशी दबा धरून बसायला सहा-सात हजार टनांची बोट सोयीची नाही. लांबच्या समुद्रात वेगाने जायचं असेल तर मात्र डिझेल बोट अणुपाणबुडीची बरोबरी करूच शकत नाही, मग एआयपी लावा नाहीतर काही लावा.

प्रत्यक्ष आतून बघायला मिळते का?

हो, विशाखापट्टणमला. १९६९ ची जुनी आयएनएस कुरसुरा २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी रामकृष्ण बीचवर वाळूत आणून संग्रहालय झालं. ९१ मीटर लांबीची बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालता येते. कप्प्यांमधली गोल दारं ओलांडताना डोकं सांभाळा. पाणतीरांच्या शेजारी लावलेले झोपायचे बाक नीट पाहा, आणि हे आठवा की खलाशांना तेसुद्धा पाळीपाळीने मिळायचे. बॅटरी दिसणार नाही. ती तुमच्या पायाखाली होती. समोरच रस्त्यापलीकडे नौदलाचं टीयू-१४२ हे पाणबुड्या शोधणारं विमान ठेवलं आहे. दोन्ही एकाच फेरीत होतात; आधी पाणबुडी पाहावी, मग तिची शिकार करणारं विमान.